लाकूडगाडीचा सारथी

व्यापाऱ्याच्या खातेवहीत मालाची खरेदी, आडत, हमाली, विमा आणि गाडीभाडे अशा रकमा एकाखाली एक मांडलेल्या असतात. त्यांपैकी गाडीभाड्याची रक्कम आपण सर्वांत घाईने वाचतो. भाव किती पडला याची चर्चा दुकानात चार दिवस चालते. पण तो माल रात्रीच्या अंधारात घाट उतरून आपल्या दारी कोणी आणला, याचा विचार क्वचितच होतो. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात लाकडाचा ट्रक चालविणाऱ्या माणसाचे जीवन जवळून पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्या जीवनाविषयी, आणि त्यातील आपल्या वाट्याविषयी, चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत असा या लेखाचा हेतू आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेल्या आपल्या या दोन तहसिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. कारभार बदलला, तरी घरात भाषा मराठी राहिली आणि बाजाराचा ओढा नागपूरकडेच राहिला. उत्तरेला सागवानाची वने आणि दक्षिणेला नागपूरचे लकडगंज, अशा स्थितीत लाकडाची वाट आपल्या अंगणातूनच जाणार हे उघड आहे. एके काळी बैलगाड्या हा माल ओढीत. नंतर छिंदवाडा-नागपूर ही अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे आली. ती २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर लाकडाची वाहतूक जवळजवळ सारीच ट्रककडे गेली होती.

वनातील कामाला ऋतूचे बंधन असते. पावसाळा सरला की वनखात्याच्या ठरलेल्या कूपांमध्ये खुणा केलेली झाडे तोडली जातात. ओंडक्यांवर क्रमांक पडतो, हातोड्याचा ठसा उमटतो, आणि माल सरकारी काष्ठागारात येऊन त्याच्या थप्प्या लागतात. तेथे लिलाव होतो. म्हणजे लाकूड दोनदा ट्रकवर चढते; एकदा कूपातून काष्ठागारापर्यंत आणि दुसऱ्यांदा काष्ठागारातून बाजारापर्यंत. पहिल्या प्रवासात रस्ता असा नसतोच. नाल्याच्या कोरड्या पात्रातून, मुरमाच्या चढणीवरून आणि गुडघाभर धुळीतून चाकोरी शोधावी लागते. दुसऱ्या प्रवासात डांबरी सडक असते, पण घाट असतो, रहदारी असते आणि रात्र असते.

पोते आणि ओंडका यांतला फरक चालकालाच खरा ठाऊक. पोते जेथे ठेवावे तेथे बसते, ओंडका घरंगळतो. आडव्या टेकलेल्या दोन वाशांवरून दोरांच्या साहाय्याने हमाल एकेक लठ्ठा वर ओढतात, तेव्हा चालक खाली उभा राहून जाड बुंध्याची बाजू कोठे यावी, बारीक लठ्ठे कोणत्या फटीत बसावेत, साखळदंड कोठून फिरवावा हे सांगत असतो. हे सांगणे हुकूम गाजविण्यासाठी नसते. रचना सैल राहिली आणि वाटेत अचानक ब्रेक दाबावा लागला, तर मागचा लठ्ठा पुढे सरकून चालकाच्या बसण्याच्या जागेत घुसू शकतो. म्हणून निघाल्यावर काही मैलांवर तो गाडी उभी करतो, साखळदंड हाताने हलवून पाहतो आणि पुन्हा आवळतो. मालाच्या धन्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. ते त्याच्या जिवाचे मोल असते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखक तेव्हा तरुण होता आणि वडिलांच्या वखारीचे काम नुकतेच पाहू लागला होता. छिंदवाड्याकडील एका काष्ठागारात लिलावात घेतलेला माल उचलावयाचा होता. पैसे भरण्यास आम्हीच उशीर केला होता. त्यामुळे उचलण्याचा शेवटचा दिवस उजाडला. गाडी भरत आली, तरी चार लठ्ठे खाली उरले. दुसऱ्या गाडीचे भाडे वाचावे म्हणून मी म्हटले, “काकाजी, जागा आहे. हेही घ्या.” चालक वयाने वडिलांएवढा होता. त्याने एका लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडावर हात ठेवला. ओल हाताला लागत होती. तो म्हणाला, “भाऊ, तुमी लाकूड मोजून घेता, गाडीले ते तोलून न्या लागते.” मी ऐकले नाही. लठ्ठे चढले.

त्याच्या त्या एका वाक्यात या धंद्यातले सारे शास्त्र होते, हे मला फार उशिरा उमगले. आपण लाकडाचा सौदा घनमीटरात करतो, पासावर लांबी-गोलाई लिहिली जाते. पण चाके, पाटे आणि ब्रेक यांना केवळ वजन कळते. वाळलेले सागवान घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरते. तेच हिरवे असताना एक टनाच्या आसपास जाते. हिरवे सागवान पाण्यावर तरंगत नाही, म्हणून ब्रह्मदेशात उभ्या झाडाची साल वर्तुळाकार कापून ते दोन-तीन वर्षे वाळू देत आणि मग तोडून नदीत सोडीत. ऐन आणि धावडा ही लाकडे तर सागाहूनही जड. तेव्हा पंधरा घनमीटरांची गाडी वाळल्या सागाची असेल, तर दहा टनांच्या आत राहील. ओल्याची असेल, तर पंधरा टनांवर जाईल. कागदावर अंक तोच, पण घाटात पाच टनांचा फरक.

सरकारने २०१८ साली तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा, गाडीच्या स्वतःच्या वजनासह, २५ टनांवरून २८.५ टनांपर्यंत वाढविली. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने जादा भार नेणाऱ्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये असा दंड ठरला. मर्यादा वाढली तेव्हा व्यापाऱ्यांना आनंद झाला. पण कित्येक ठिकाणी नवी मर्यादा हीच जुन्या मर्यादेसारखी ओलांडण्याची रेषा झाली, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी सूर्य कलल्यावर आमची गाडी निघाली. उमरानाला मागे पडल्यावर सिलेवानीच्या डोंगररांगेतील उतार लागतो. ज्या गिअरमध्ये चढण चढावी, त्याच गिअरमध्ये ती उतरावी, हा जुन्या चालकांचा नियम. इंजिनाने गाडी रोखून धरावयाची आणि ब्रेक केवळ वळणापुरता वापरावयाचा. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडली, तर थोडे तेल वाचते असे काहींना वाटते; पण मग सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. काकाजींनी नियम पाळला होता. तरीही निम्म्या उतारावर जळका वास येऊ लागला. जादा चार लठ्ठ्यांनी आपले काम केले होते. त्यांनी आणखी खालचा गिअर टाकला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि हळूहळू थांबविली. क्लीनरने उडी टाकून चाकांखाली दगड सरकविले. दरीची बाजू माझ्याकडे नव्हती, त्यांच्या बाजूला होती.

ड्रम निवेपर्यंत दोन तास आम्ही तेथे बसलो. मी सूर्यास्तापूर्वी गाडीतच डबा उघडून जेवण आटोपले होते. आपल्या घरची रीतच तशी. चालकाने आणि क्लीनरने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, हे मला त्या दगडावर बसल्यावर कळले. त्यांना मी विचारलेच नव्हते. काकाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांना चिंता होती ती पासाची, कारण त्यावरील मुदत मध्यरात्री संपत होती.

पासाची ही चिंता सामान्य वाचकास समजावी म्हणून थोडे सांगितले पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे लाकडाच्या वाहतुकीवर सरकारचे नियंत्रण असते. पासावर लठ्ठ्यांची संख्या, मापे, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. माल त्याच्याशी जुळला नाही, तर लाकडाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. वाटेत टायर फुटले, पाटा तुटला, तरी घड्याळ थांबत नाही. आणि नाक्यावर प्रथम उभा केला जातो तो चालक. मोजणीतली चूक त्याने केलेली नसते, नोंद त्याने लिहिलेली नसते. पण कागद त्याच्या हातात असतो. अलीकडे यात काही सोय झाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी एकच ऑनलाइन वाहतूक पासाची व्यवस्था सुरू झाली, आणि १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने सीमेवरील परिवहन खात्याचे नाके बंद केले. तथापि चुकीच्या नोंदीचा भोग अजूनही प्रथम त्यालाच भोगावा लागतो.

आता मुख्य प्रश्न असा की, ही घाई येते कोठून? संत्र्याची गाडी घाईने न्यावी लागते हे समजण्यासारखे आहे, फळ नासते. लाकूड नासत नाही. सागवान एक दिवस उशिरा आले, तर त्याचे काही बिघडत नाही. मग लाकडाची गाडी रात्री घाट का उतरते? कारण आपण पैसे शेवटच्या दिवशी भरतो, माल शेवटच्या दिवशी उचलतो, आणि आपण गमावलेले दिवस चालकाने रात्रीत भरून द्यावेत अशी अपेक्षा करतो. पेढीवरचा आळस सडकेवर घाई होऊन उतरतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी संसदेने १९६१ सालीच कायदा करून दिवसास ८ आणि आठवड्यास ४८ तास ही कामाची मर्यादा ठरविली होती. कायदे पुढे बदलले, तरी माणसाच्या डोळ्यांना झोप लागतेच, हे तत्त्व बदललेले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांत चालकासाठी वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. नागपुरी उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीजवळ बसलेल्या माणसालाच तिचे मोल कळेल. पण थंड हवा ही झोपेची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार ट्रकचे नावही नसताना केलेला आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म, शकटकर्म आणि भाटककर्म यांची गणना आहे. म्हणूनच आपल्यांतील कित्येक घराण्यांनी लाकडाचा धंदा कधी केला नाही. परंतु धान्य, किराणा, कापूस, संत्री यांचा व्यापार करणारा प्रत्येक जण गाडी भाड्याने घेतोच, आणि आपल्या घरांची दारे सागवानाचीच असतात. तेव्हा या विषयातून कोणीच सुटत नाही. अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. शक्तीबाहेर ओझे लादणे, आणि आश्रितास वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे. त्या रात्री सिलेवानीच्या उतारावर हे दोन्ही अतिचार माझ्या हातून एकाच वेळी घडले होते. व्रत मी लहानपणी पाठ केले होते. त्याचा अर्थ मला एका ट्रकचालकाने शिकविला.

पोळ्याच्या दिवशी आपल्या भागात बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याला न्हाऊ घालतात, पुरणपोळी देतात. दसऱ्याला ट्रकलाही झेंडूची माळ पडते. बैलाला एक दिवस मिळतो, यंत्राला एक दिवस मिळतो. ते हाकणाऱ्या माणसाचा दिवस पंचांगात नाही. तो आपणच द्यावयाचा आहे.

त्यासाठी मोठ्या ठरावांची गरज नाही. भरलेली गाडी निघण्यापूर्वी धर्मकाट्यावर तोलून घ्यावी, आणि लाकूड ओले असेल तर दुसऱ्या गाडीचे भाडे आनंदाने द्यावे. काष्ठागाराचे पैसे मुदतीच्या आधी भरावेत, म्हणजे गाडी सकाळी भरून उजेडी घाट उतरेल. पासावरील लठ्ठे आणि मापे चालकाच्या हाती देण्यापूर्वी आपल्या मुनिमाने पडताळावीत, आणि चूक निघाल्यास मालाच्या धन्याने स्वतः नाक्यावर जावे. वखारीत व गोदामाजवळ पिण्याचे पाणी, न्हाणीघर आणि दोन खाटा असाव्यात. यांतील एकाही गोष्टीने कोणाची पेढी बुडणार नाही.

काकाजी आता हयात नाहीत. त्या रात्री उशिरा आम्ही सौंसरला पोहोचलो, तेव्हा वडील वखारीच्या दारात कंदील घेऊन उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिले नाही, मालाविषयी विचारले नाही. ते चालकाला म्हणाले, “जेवण झाले का?” आणि उत्तराची वाट न पाहता घरात निरोप पाठविला. त्यांना वाटेतली हकीकत मी दुसऱ्या दिवशी सांगितली. त्यांनी चार लठ्ठ्यांच्या जादा भाड्याची रक्कम काढून माझ्या हाती ठेवली आणि ती काकाजींच्या घरी नेऊन देण्यास सांगितले. ती नेऊन देताना जी मान खाली गेली, तिची आठवण आजही गाडीभाड्याची ओळ वाचताना होते.