फायबरच्या होडीवरची रेघ

कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आता सर्रास दिसतात. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून कलाफत करावी लागते. फायबरच्या अंगाला तसे सांधेच नाहीत, तेव्हा तिच्याकडे बघायला नको, असा अनेकांचा समज असतो. तो काही खरा नाही.

फायबर म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचतंतूंचे थर. त्यावर गुळगुळीत, रंगीत जेलकोट असतो. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. होडीचे बळ तंतूंत. जेलकोट ही तिची कातडी. पाणी आत मुरू न देणे हे तिचे काम. आतले अंग थोडे लवते, कातडीला मात्र तेवढे लवता येत नाही. मग ती तडकते.

रेघ बुजवण्याआधी ती वाचावी. एका बिंदूतून चांदणीसारख्या रेघा फुटल्या असतील, तर तिथे मार बसला आहे. समांतर रेघा असतील, तर तो भाग वारंवार वाकतो आहे. त्याला आतून आधार दिला नाही, तर बुजवलेली रेघ पुन्हा उमटणार. मग नाण्याने ठोकून पाहा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. तिथे वरवरचा लेप उपयोगाचा नाही. खराब भाग घासून काढून नवी मॅट बसवावी लागते.

तडा वरवरचाच असेल तर जागा गोड्या पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि ॲसिटोनने पुसावी. त्यानंतर रेघ चक्क रुंद करायची! केसाएवढ्या फटीत जेलकोट उतरत नाही, म्हणून पटाशीच्या टोकाने जेलकोटच्या जाडीइतकीच तिरक्या कडांची खाच पाडावी. तीत हार्डनर मिसळलेला जेलकोट किंचित उंच भरावा. हवा लागली की त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद दाबून बसवावा. पक्का वाळल्यावर 220, 400, 600, 1000 अशा चढत्या नंबरांचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे.

हार्डनर साधारण 1 ते 2 टक्केच लागतो; डब्यावरचे प्रमाण पाळावे. तो डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. घासताना तोंडावर मास्क हवा. कोबाल्ट वेगळा मिळाला असेल, तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा आणि मगच हार्डनर घालावा. हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो.

हे काम पावसाळ्याच्या सुट्टीवर ढकलू नये. ओलसर हवेत रेझिन नीट धरत नाही आणि मुरलेली ओल आतच कोंडली जाते. मे महिन्याचे कोरडे दिवस बरे, तेही सावलीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होडी पाण्यात लोटताना तिच्या अंगावरची प्रत्येक रेघ आपण वाचलेली असावी. पाण्याला ती वाचून दाखवावी लागत नाही.