घाबरट मांजराचा विश्वास कसा मिळवायचा?



परिसर अभ्यासात आपण पाळीव प्राणी आणि जंगली प्राणी असे दोन गट शिकतो. गाय, म्हैस, शेळी पाळीव. वाघ, कोल्हा, रानडुक्कर जंगली. मग आपल्या गल्लीत, बाजारात, शाळेच्या स्वयंपाकघरामागे फिरणारं मांजर कोणत्या गटात टाकायचं? ते राहतं माणसांच्या जवळ, पण माणूस दिसला की पळतं. अशा मांजराला आपण भटकं मांजर म्हणतो. आज आपण पाहू की ते एवढं का घाबरतं, आणि त्याचा विश्वास मिळवायचा असेल तर काय करावं लागतं.

मांजर आपल्याला का घाबरतं?

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. उंदीर, पाली, पाखरं यांच्यासाठी ती खरंच वाघ आहे. पण कुत्र्यासमोर आणि माणसासमोर ती साडेतीन-चार किलोचा लहानसा जीव आहे. म्हणजे मांजर शिकारी पण आहे आणि दुसऱ्याची शिकार पण होऊ शकतं. त्यामुळे सतत सावध राहणं हा त्याचा स्वभावच आहे.

दुसरं कारण वयाचं. मांजराचं पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना कोणाला आपलं मानायचं हे शिकत असतं. या काळात माणसाचा प्रेमळ हात लागला, तर पुढे ते माणसांत सहज मिसळतं. पण जे पिल्लू या वयात फक्त आईसोबत माळ्यावर किंवा लाकडांच्या ढिगात वाढलं, त्याला माणूस म्हणजे धोका वाटतो.

तिसरं कारण आपण स्वतः. मांजर दिसलं की "शुक शुक", दगड, पाणी, पाठलाग. वर "मांजर आडवं गेलं" म्हणून अपशकुनाचा ठपका! खरं तर ते बिचारं आपल्याला घाबरून रस्ता ओलांडत असतं. त्यात शकुन-अपशकुन काही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६०,००० हर्ट्झच्याही वरचा ऐकू येतो. उंदराची बारीक चूंचूं त्याला त्यामुळेच कळते. मग मधल्या सुट्टीतला आपला आरडाओरडा त्याला कसा वाटत असेल, विचार करा.

मांजराची भाषा वाचायला शिका

मांजर बोलत नाही असं नाही. ते शरीराने बोलतं.

१. शेपटी सरळ वर उभी : "मी मजेत आहे, तुझ्याकडे येतेय."
२. शेपटी जोरजोरात आपटणं : "मला राग आलाय, थांब." (कुत्र्याचं शेपूट हलवणं वेगळं, मांजराचं वेगळं. इथेच मुलांचा घोळ होतो.)
३. कान मागे चपटे, डोळ्यांची बाहुली मोठी, अंग जमिनीला टेकलेलं : "मी खूप घाबरलेय."
४. फिस्स करणं, अंगावरचे केस उभे करणं : "पुढे आलास तर ओरबाडेन."
५. गाल घासणं : मांजराच्या गालाजवळ वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. ते आपल्याला गाल घासतं तेव्हा स्वतःचा वास लावून ठेवतं, म्हणजे तुम्ही ओळखीचे झालात.
६. पोट दाखवून लोळणं : याचा अर्थ "तुझी भीती वाटत नाही" एवढाच. "पोटावर हात फिरव" असा नाही! हात लावला तर बहुतेक वेळा नखंच लागतात.
७. घुरघुरणं : बहुतेक वेळा आनंदाने. पण दुखत असताना किंवा खूप घाबरलं तरीही मांजर घुरघुरतं, म्हणून बाकीच्या खुणा पण बघायच्या.

विश्वासाच्या पायऱ्या

पायरी १ – वेळ आणि जागा ठरवा. रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी खाणं ठेवा. मांजराला रोजचा ठरलेला क्रम आवडतो. आज सकाळी, उद्या संध्याकाळी असं केलं तर विश्वास बसत नाही.

पायरी २ – ठेवा आणि दूर व्हा. वाटी ठेवून लांब जाऊन बसा. जवळ उभं राहून "ये ये" करू नका. पळायची वाट मोकळी आहे हे दिसलं, तरच मांजर पुढे येतं. त्याला कोपऱ्यात कधीच गाठायचं नाही.

पायरी ३ – लहान व्हा. उभा माणूस मांजराला डोंगराएवढा दिसतो. खाली बसा, अंग थोडं तिरकं ठेवा आणि टक लावून पाहू नका. प्राण्यांच्या जगात रोखून पाहणं म्हणजे धमकी.

पायरी ४ – डोळ्यांनी नमस्कार करा. मांजराकडे पाहून डोळे सावकाश अर्धे मिटा, पुन्हा सावकाश उघडा. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरही बरेचदा तसंच उत्तर देतं आणि अनोळखी माणसाच्याही हाताजवळ यायला जास्त तयार होतं, असं त्यांना आढळलं.

पायरी ५ – अंतर थोडं थोडं कमी करा. चार-पाच दिवसांनी एक पाऊल पुढे. मांजर खायचं थांबलं आणि तुमच्याकडे बघू लागलं, तर समजा आपण घाई केली. एक पाऊल मागे.

पायरी ६ – पहिला स्पर्श तिचा, आपला नाही. हे काम मोठ्या माणसानेच करायचं. मांजर स्वतःहून जवळ आलं तर बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा. तिला वास घेऊ द्या. तिने गाल घासला तरच गालावर, हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. पुन्हा मागितलं तर पुन्हा. डोक्यावरून एकदम हात आणू नका.

खायला काय द्यायचं?

मांजर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला मांस-माशातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. त्यामुळे नुसत्या दूध-भातावर मांजर नीट जगत नाही.

द्यावे : मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, काटे काढलेला शिजवलेला मासा, थोडं उकडलेलं अंडं, मांजरांचं तयार खाद्य आणि स्वच्छ पाणी.

देऊ नये : कांदा-लसूण घातलेलं काहीही (म्हणजे आपली फोडणीची खिचडी पण नाही!), चॉकलेट, शिजवलेली हाडं. दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. माणसाची औषधं तर मुळीच नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आमच्या वर्गाचा अनुभव

आमच्या शाळेत पोषण आहार शिजतो त्या खोलीमागे एक करड्या रंगाची मांजरी यायची. मुलांनी तिचं नाव चिंगी ठेवलं. जूनमध्ये ती आम्हाला पाहून पंधरा पावलांवरूनच पळायची. आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला : तारीख, अंतर किती पावलं, शेपटी कशी, कान कसे. मोजणी, नोंद आणि निरीक्षण एकाच तक्त्यात झालं. रोज दोनच मुलांची पाळी, आणि बाकीच्यांनी व्हरांड्यातून बघायचं.

ऑगस्टअखेर अंतर सहा पावलांवर आलं. दिवाळीच्या सुट्टीत गावात फटाके फुटले आणि शाळा उघडल्यावर पाहतो तर ती पुन्हा बारा पावलांवर! मुलं हिरमुसली. एक मुलगी म्हणाली, "सर, आपण काहीच केलं नाही, तरी ती रागावली?" मी म्हटलं, ती रागावली नाही, घाबरली. तिला कुठे माहीत, फटाके कोणी फोडले ते? परत पहिल्या पायरीपासून सुरू केलं. या वेळी मात्र तीन आठवड्यांतच अंतर भरून निघालं.

पण खरी परीक्षा पुढे होती. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्लं होऊ शकतात, आणि साधारण ६५ दिवसांत ती विते. वर्षातून दोन-तीन वेळा सुद्धा. रस्त्यावरची बरीच पिल्लं गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा आजाराने जातात. म्हणून पशुवैद्यकीय डॉक्टरांशी बोलून चिंगीची नसबंदी करायचं ठरलं. तेव्हा वर्गात वाद झाला. "तिने विश्वास ठेवला आणि आपणच तिला पिंजऱ्यात कोंडायचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही पिंजरा आठ दिवस उघडाच ठेवला आणि खाणं आतच देत गेलो, म्हणजे पकडापकडी, ओढाताण नको. नवव्या दिवशी दार लावलं. शस्त्रक्रिया झाली, रेबीजची लस दिली, ओळखीसाठी कानाचं टोक किंचित कापलं. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस तिला शांत खोलीत ठेवून मग सोडलं. त्यानंतर चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी आली, लांब बसली, आणि आम्ही दूर गेल्यावर जेवली.

आज ती दोन पावलांवर बसते. कोणाला उचलू देत नाही, आणि ते ठीकच आहे. काही मोठी मांजरं आयुष्यभर हात लावू देत नाहीत. आपल्यासमोर पाठ करून निवांत जेवणं हाही विश्वासच आहे.

सुरक्षितता – हे पाठच करा

- मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर लपवू नका. "आई रागावेल" म्हणून गप्प बसणं जिवावर बेतू शकतं. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरामुळेही होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.
- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नका.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा.
- पिल्लं एकटी दिसली तर उचलू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून लक्ष ठेवा.
- आजारी, लाळ गाळणाऱ्या, विचित्र वागणाऱ्या मांजराजवळ जाऊ नका. मोठ्यांना सांगा.

यातून काय शिकलो?

आपल्या संविधानातील कलम ५१ क मध्ये मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यातलंच एक. पण दया म्हणजे नुसतं "किती गोड!" म्हणून उचलून घेणं नाही. समोरच्याची भीती समजून घेऊन त्याच्या वेगाने चालणं ही खरी दया. वर्गात नवीन आलेला, कोणाशी न बोलणारा मित्र असेल, तर त्याच्याशीही असंच वागून बघा.

सांगा पाहू!

१. मांजराला शिकारी आणि शिकार असे दोन्ही का म्हणता येईल?
२. शेपटी वर उभी असणे आणि शेपटी आपटणे यातला फरक सांगा.
३. चिंगीला पिंजऱ्यात ठेवणं योग्य होतं का? तुमचं मत पाच ओळींत कारणांसह लिहा.

उपक्रम : तुमच्या घराजवळच्या एका मांजराचं सात दिवस लांबूनच निरीक्षण करा. वेळ, जागा, कान, शेपटी आणि अंतर यांचा तक्ता करून वर्गात आणा. हात लावायचा नाही हं!