सायकलचे डिस्क ब्रेक पॅड

डिस्क ब्रेक पॅड हे सायकलच्या हबला जोडलेल्या पोलादी चकतीवर दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन चाकाची गती कमी करणारे भाग होत. ते कॅलिपरमध्ये समोरासमोर बसवलेले असतात. प्रत्येक पॅडला धातूची पाठपट्टी व तीवर घर्षणद्रव्याचा थर असतो. हा थर संपण्यापूर्वी पॅड बदलणे आवश्यक असते. अन्यथा पाठपट्टीच चकतीवर घासते, ब्रेकची पकड घटते आणि चकती खराब होते.

झीज

रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या रबरांची झीज सहज दिसते. हे पॅड मात्र कॅलिपरच्या आत दडलेले असतात. हायड्रॉलिक प्रकारात आणखी एक अडचण आहे. पॅड झिजत जातो तसा पिस्टन थोडा थोडा पुढे सरकून ती तूट आपोआप भरून काढतो. त्यामुळे लिव्हरचा स्पर्श पूर्वीसारखाच राहतो आणि चालकाला झिजेचा सुगावा लागत नाही. म्हणून लिव्हरवर विसंबून न राहता पॅड डोळ्यांनी पाहणे हाच खात्रीचा उपाय होय. शिमानो कंपनीच्या सूचनेनुसार घर्षणद्रव्याची जाडी ०.५ मिमी उरताच पॅड बदलावेत. त्याच वेळी चकतीही मोजावी, सामान्यतः १.८ मिमी जाडीची नवी चकती १.५ मिमीपर्यंत झिजल्यास ती बाद समजतात.

रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण चिखलपाण्यात लवकर झिजतात. पावसाळ्यात सह्याद्रीतील घाट उतरणाऱ्यांना याचा अनुभव येतो. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात. परंतु केवळ रेझिन पॅडसाठी बनवलेल्या चकतीवर ते वापरू नयेत. चकतीवर तशी सूचना कोरलेली असते.

पॅड बदलणे

चकती थंड झाल्यावर चाक काढावे. चाक काढलेले असताना हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दाबू नये, कारण मध्ये चकती नसल्याने पिस्टन बाहेर येतात. जुने पॅड जागेवरच ठेवून त्यांच्यामध्ये टायर काढण्याची प्लॅस्टिकची पट्टी घालून पिस्टन हळूहळू मागे ढकलावेत. ही पायरी गाळल्यास जाड नव्या पॅडांमध्ये चकती शिरत नाही. नंतर पिन किंवा स्क्रू काढून पॅड व त्यांमधली स्प्रिंग एकत्र बाहेर घ्यावी आणि नवी जोडी त्याच पद्धतीने बसवावी. घर्षणाच्या पृष्ठभागाला बोट लावू नये. साखळीच्या तेलाचा थेंबही पॅडमध्ये मुरतो; असा पॅड विस्तवावर भाजून शुद्ध करण्याचा प्रघात आहे, पण त्याचा भरवसा धरता येत नाही.

चाक बसवल्यावर लिव्हर घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावा. मागे ढकललेले पिस्टन पुढे येईपर्यंत ब्रेक लागतच नाही, आणि हे न करता सायकल रस्त्यावर नेणे जिवावर बेतू शकते.

जुळवणी

चाक फिरवताना चकती घासत असल्यास कॅलिपरचे दोन बोल्ट किंचित सैल करावेत, लिव्हर दाबून धरावा आणि त्याच स्थितीत बोल्ट आलटूनपालटून आवळावेत. कॅलिपरमागे पांढरा कागद धरल्यास दोन्ही बाजूंची फट स्पष्ट दिसते. फिरत्या चकतीजवळ बोट नेऊ नये. तिच्या छिद्रांत अडकून बोट तुटू शकते.

केबलच्या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने चकतीच्या अगदी जवळ आणावा. पॅडची झीज केवळ केबल ताणून भरून काढणे चुकीचे आहे, कारण त्यामुळे कॅलिपरचा दांडा आधीच वळलेला राहतो व त्याची उरलेली हालचाल अपुरी पडते.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन, चाक जाम होऊ न देता, चालण्याच्या गतीपर्यंत वेग उतरवावा. पुढच्या व मागच्या ब्रेकसाठी स्वतंत्रपणे सुमारे वीस वेळा असे केल्यास घर्षणद्रव्याचा पातळ थर चकतीवर बसतो व पकड वाढत जाते.