ती रिकामी बसलेली नाही

"टेन्शन कसलं घेतेस? कामात राहा, मन रमेल." पहाटे पाणी भरण्यापासून रात्री भांडी घासेपर्यंत जिची पाठ टेकत नाही, तिलाच आपण हे सांगतो. मला हा सल्ला क्रूर वाटतो.

नैराश्य म्हणजे भरल्या पोटीचे चोचले, असं अजूनही सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात कर्ज, मारहाण, हाता-तोंडाची गाठ यांनी धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्त्रियांत नैराश्याचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे दीडपट आहे. फक्त बाई 'नैराश्य' हा शब्द वापरत नाही. अंग मोडून येतं, झोप नाही, पांढरं जातं, असं ती सांगते. गोव्यातल्या एका अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक दिसला. तपासणी हवीच, पण ताकदीच्या गोळ्या देऊन तिची बोळवण केली की मूळ दुखणं तसंच राहतं.

यावर मानसोपचारतज्ज्ञाखेरीज इलाज नाही, हाही समज गोव्यानेच खोडून काढला. 'संगाथ' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. याचा उपयोग होतो का हे पाहण्यासाठी चाचणी घेतली. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले 495 रुग्ण तीत होते, त्यात स्त्रियाच जास्त. समुपदेशनाच्या सहा ते आठ भेटी ठरल्या होत्या. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष असे: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, न मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं.

या भेटींत उपदेश नसतो. मन खचलं की बाई भजनाला जाणं सोडते, शेजारणीशी बोलणं तोडते, वेणीफणीही टाळते. त्यामुळे जीव रमवणारं काहीच उरत नाही आणि मन आणखी खचतं. समुपदेशक हे चक्र तिच्याच दिवसातून तिला दाखवतात. मग दोघी मिळून एक लहानसं काम ठरवतात: उद्या संध्याकाळी बहिणीला फोन, परवा दहा मिनिटं ओट्यावर बसणं. पुढच्या भेटीत विचारतात, जमलं का, मग कसं वाटलं, नसेल जमलं तर आड काय आलं? राबणं आणि जीव रमणं यांतला फरक इथे कळतो. हुरूप आल्यावर करू म्हणून थांबायचं नसतं. आधी करायचं, हुरूप मागून येतो.

अशा गप्पांनी नवऱ्याची दारू सुटत नाही, सावकारही दार सोडत नाही. आजार तीव्र असेल तर डॉक्टर आणि औषधं लागतातच.

आणि एक घातक समज: आत्महत्येबद्दल विचारलं तर ते डोक्यात भरतं. तसं होत नाही. "जीव नकोसा वाटतो का गं?" असं सरळ विचारावं. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटी सोडू नये, तिच्यासोबत बसूनच 14416 हा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक लावावा. तिथे मराठीतही बोलता येतं.