आधी हिशेब, मग वसुली: वीजथकबाकीच्या वादाची वीस वर्षे

पिठाची गिरणी, चार यंत्रमाग, छोटा छापखाना, लेथचे वर्कशॉप. बिल दरमहा वेळेवर भरणाऱ्या अशा उद्योजकाच्या हाती एखाद्या महिन्यात लाखांच्या थकबाकीचे बिल पडते. कारणे ठरावीक असतात. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) मीटरचे रीडिंग ज्या आकड्याने गुणायचे तो गुणक चुकीचा नोंदलेला असतो, औद्योगिकऐवजी व्यापारी दर लावलेला असतो, कित्येक महिने रीडिंग न घेता सरासरीवर बिले काढलेली असतात, किंवा त्याच जागेतल्या जुन्या ग्राहकाची ‘पीडी’ (कायमस्वरूपी तोडलेल्या जोडणीची) थकबाकी नव्याच्या नावावर चढवलेली असते.

मालकाला रकमेपेक्षा मोठी धास्ती असते ती वीज तुटण्याची. आठवडाभर माग थांबले तर कारागीर दुसरीकडे जातात, ऑर्डर हातची जाते. म्हणून मान्य नसलेली रक्कमही माणूस उसनवारी करून भरतो. दावा खरा की खोटा, हे तपासायचे राहूनच जाते. गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या कायद्याकडे आणि निकालांकडे मी याच नजरेने पाहतो. पैसे मागण्याचा अधिकार आणि वीज तोडण्याचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची ही लढाई आहे, आणि ती अजून पुरी झालेली नाही.

1910 च्या विद्युत कायद्यात सात दिवसांची नोटीस दिली की थकबाकीदाराचा पुरवठा तोडता येई. मीटरच्या अचूकतेवर वाद झाला तर विद्युत निरीक्षकाकडे जाता येई. मीटर चुकीचा निघाला तर तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा फरक ठरवी. दर किंवा जुन्या मालकाची बाकी यांवरून वाद झाला, तर मात्र छोट्या माणसाला कोर्टाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसे.

2003 च्या विद्युत कायद्याने चित्र बदलले. कलम 56 नुसार आता पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. त्याच कलमातली दुसरी तरतूद लहान धंद्यासाठी जीवनदायी आहे: दावा केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारे मासिक बिल, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. तिसरी तरतूद मुदतीची. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. अपवाद फक्त बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेल्या रकमेचा.

पुढच्या दोन-तीन वर्षांत राज्यात या कायद्याला यंत्रणेची जोड मिळाली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2005 च्या पुरवठा संहितेने सदोष मीटरचे समायोजन तीन महिन्यांपुरते मर्यादित केले आणि अशा बिलासोबत मीटर तपासणीचा अहवाल देणे बंधनकारक केले. जागा विकत घेणाऱ्यावर पूर्वीच्या मालकाची बाकी सहा महिन्यांपुरतीच लादता येईल, असेही तिने ठरवले; वारसांना ही सवलत नाही. ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आले. तिथे वकिलावाचून स्वतःची बाजू मांडता येते, आणि मंच अंतरिम आदेशाने तोडणी रोखू शकतो.

या काळात लहान उद्योजक जे शिकले, ते मला न्यायालयीन निकालांइतकेच मोलाचे वाटते. तोंडी विनवणी सोडून त्यांनी लेखी अर्जाची पोच घ्यायला सुरुवात केली. आपल्या खात्याचा ‘सीपीएल’ म्हणजे ग्राहक खातेउतारा मागायचा, मीटरमधून यंत्राने उतरवलेल्या नोंदींच्या ‘एमआरआय’ अहवालाशी प्रत्येक महिन्याचे युनिट ताडून पाहायचे, गुणक कोणत्या तारखेपासून आणि कशाच्या आधारे बदलला हे विचारायचे. अशा पडताळणीत पुष्कळ मोठे दावे लहान होतात, काही साफ मिटतात, आणि काही खरेही ठरतात. जो खरा ठरतो तो भरलाच पाहिजे. निदान किती आणि कशाबद्दल भरतो आहोत, हे तरी कळते.

दोन वर्षांच्या मुदतीचा अर्थ मात्र बराच काळ वादात राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठांत मतभेद झाल्याने प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. मार्च 2019 मध्ये त्या पीठाने सांगितले की पहिल्या मागणीच्या तारखेपूर्वी दोन वर्षांहून मागच्या वापराचे पैसे वीज कंपनीला मागता येणार नाहीत. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अजमेरच्या एका ग्राहकाचे प्रकरण होते. 2009 ते 2011 या काळात चुकीचा दर लागला होता आणि फरकाचे बिल 2014 मध्ये आले. प्रामाणिक चूक असेल तर मुदतीनंतरही पुरवणी मागणी करता येईल, पण त्यासाठी वीज तोडता येणार नाही, असा निकाल झाला. मागणे आणि तोडणे यांत इतकी स्पष्ट रेषा प्रथमच आखली गेली. ऑक्टोबर 2021 चा निकाल ग्राहकासाठी कठोर होता. हरियाणातल्या एका सूत उत्पादकाच्या बिलात गुणक दहाऐवजी पाच लागला होता. सुटलेली आकारणी नंतर मागणे म्हणजे सेवेतील त्रुटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि 1 कोटी 35 लाखांची मागणी टिकली.

सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2023 च्या निकालाने तर जुन्या मालकाची बाकी भरण्याची अट नव्या जोडणीसाठी पुरवठा संहितेत घालता येते, हेही मान्य केले. म्हणून गाळा घेण्याआधी तिथल्या वीजखात्याचा दाखला मागायलाच हवा.

वीस वर्षांनी ग्राहकाच्या हाती साधने आली आहेत, पण पहिला भार अजून त्याच्याच खांद्यावर आहे. कंपनीची चूक शोधायची त्यानेच आणि धंदा बुडवून खेटे घालायचे तेही त्यानेच. हे उलटे व्हायला हवे. कोणत्याही मागील थकबाकीच्या बिलासोबत महिनावार हिशेब आणि चुकीचे कारण आपोआप दिले जावे, आणि ते दिल्याशिवाय तोडणीची नोटीस निघूच नये. नियामक आयोगाने एवढा एक नियम केला, तर वाद तारेवरून उतरून कागदावर येईल. त्याची जागा तिथेच आहे.