अर्ध्यात मिळवलं आणि कमी झालं

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) जमीन सांगताना ‘एक वीस’ म्हणतात. एक एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, तेव्हा एक वीस म्हणजे दीड एकर, हे नेवासा-शेवगावकडच्या शेतकऱ्याच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. तोच पोरगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला येऊन बसतो. ‘एकरी वीस हजारांनी १.२० एकराचा खंड किती?’ असं मी फळ्यावर लिहितो. तो मोबाइल काढतो, १.२० गुणिले २०,००० करतो आणि चोवीस हजार सांगतो. घरी असा हिशेब केला तर सहा हजारांचा खड्डा.

मोबाइलचं काही चुकलेलं नाही. त्याने टिंब दशांशाचं धरलं. आपल्याकडे ते फक्त एकर आणि गुंठे वेगळे ठेवायला असतं, क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे साडेचार असतात तसं. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि हेक्टरचे आर शंभर. तिथलं टिंब दशांशासारखं वाचलं तरी चालतं. एकाच घरात, एकाच जमिनीला दोन टिंबं. पोरं गोंधळली तर नवल नाही.

कॉलेज भरायच्या आधी सकाळी मी हा तास घेतो. वेळापत्रकात तो ‘पूरक वर्ग’ आहे. मुलं त्याला ‘अपूर्णांकाचा तास’ म्हणतात. येणारे अठरापासून तिशीपर्यंतचे. कुणी डेअरीवर दूध घालून येतो, कुणी एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून. पाथर्डीकडच्या काहींचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की बिऱ्हाड हलायचं आणि परतायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. मधल्या महिन्यांतली शाळा गेली ती गेलीच. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अशा घरातल्या मुलाला ‘अर्धा’ शिकवायची गरज नसते. तो कागदावर कसा लिहितात आणि लिहिल्यावर त्याचं काय करतात, एवढंच राहिलेलं असतं, आणि तेच अवघड आहे.

‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं होतं. माझ्या वर्गात त्याच वयातून नुकतेच बाहेर पडलेले बसतात.

फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं, दोन पंचमांश. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. चूक म्हणून खोडलं तर पोरगा पुढचे आठ दिवस तोंड उघडत नाही. म्हणून मी विचारतो, मोटर अर्धा तास चालली, मग लाइट गेली, पुन्हा आल्यावर तासाचा तिसरा हिस्सा चालली. एकूण किती? तीस आणि वीस, पन्नास मिनिटं, लगेच सांगतात. आता दोन पंचमांश तास म्हणजे किती? इथे जरा वेळ जातो. साठाचे पाच भाग बारा-बाराचे, त्यातले दोन म्हणजे चोवीस मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासात आणखी काही मिळवलं आणि झालं अर्ध्या तासापेक्षा कमी! वर्गात हसू फुटतं. मग पन्नास मिनिटं म्हणजे तासाचा कितवा हिस्सा, हे त्यांचं तेच शोधतात. दहा-दहा मिनिटांचे सहा भाग, त्यातले पाच. लसावि हा शब्द मी नंतर काढतो.

काही मुलं भरतीच्या क्लासमधून ‘तिरका गुणाकार’ शिकून येतात. खटाखट उत्तर काढतात, बरोबरही असतं. सुरुवातीला मी त्याला बंदी घालतो. ती युक्ती येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आलेलं उत्तर एकापेक्षा मोठं की लहान हे सांगता येत नाही. अमेरिकेत १९७८ साली तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ हे साधारण किती होईल, असं विचारलं होतं. पर्याय चार, १, २, १९ आणि २१. जेमतेम २४ टक्के मुलांनी २ निवडलं. दोन्ही संख्या एकाला लागून आहेत एवढं दिसलं की आकडेमोड लागतच नाही. पण ते दिसायला १२/१३ ही एक संख्या वाटावी लागते. बहुतेकांना ते एकावर एक ठेवलेले दोन आकडे वाटतात.

त्यासाठी वर्गात खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधतो. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दोन. कपड्यांचे चिमटे आणि चिठ्ठ्या. १/२ आणि ३/४ झटक्यात लागतात. ५/४ ची चिठ्ठी हातात आली की पोरगी थबकते. ‘सर, हे एकाच्या पुढे जाईल? अपूर्णांक आहे ना?’ सव्वा एकर, सव्वा इंची पाइप, सव्वा महिना हे सगळं तिच्या रोजच्या तोंडात आहे. ‘सव्वा’ म्हटल्याबरोबर चिमटा एकाच्या पुढे जातो. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. त्यातलं एवढंच आता उरलंय. त्याचीही मजल पावापर्यंत. २/५ ला सव्वा-पाऊण कामाला येत नाही. ती चिठ्ठी दोरीवर सगळ्यात जास्त भटकते, अर्ध्याच्या पुढे-मागे सरकत राहते, आणि सगळ्यात मोठी भांडणं तिच्यावरून होतात. मी मध्ये पडत नाही.

गुणाकाराला मात्र वाटणीसारखं उदाहरण नाही. सामाईक विहिरीत अर्धा हिस्सा चुलत्याचा, अर्धा वडिलांचा. वडिलांच्या मागे तीन भावंडं. एकेकाला किती? अर्ध्याचा तिसरा हिस्सा, सहावा. गुणल्यावर वाढतं ही समजूत इथे मोडते. एका विद्यार्थिनीने लगेच विचारलं, ‘तिघांत बहीण धरली का?’ धरली होती. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर धरावीच लागते.

हे सगळं ज्याच्यासाठी, ते भागीदारीचं गणित शेवटी येतं. दोघांचं प्रमाण ३:२, नव्या भागीदाराला १/५. बारावीला सगळ्यांनी हे घोकलेलं असतं. आता आधी दोरीकडे बघतात, नव्याचा पाचवा भाग बाजूला काढतात, उरलेल्या ४/५ चे जुन्या प्रमाणात वाटे करतात. १२/२५, ८/२५ आणि नव्याचे ५/२५. मग पहिल्याचा ३/५ होता तो १५/२५, म्हणजे गेले ३/२५. दुसऱ्याचे गेले २/२५. त्यागाचं प्रमाण ३:२, हे पुस्तकात सूत्राने येतं. परवा रात्रपाळीवाल्याने दोन्ही वजाबाक्यांची बेरीज वहीत शेजारी करून पाहिली होती, ५/२५. ‘नव्याचा हिस्सा ह्यांच्यातूनच निघालाय की,’ तो म्हणाला. पुढच्या उदाहरणात तिघांपैकी एक निवृत्त होतो. ते घरून करून आणायला सांगितलंय.