पत्ता जिवंत आहे का?

माजी विद्यार्थ्यांची यादी असो, दिवाळी अंकाचे वर्गणीदार असोत की दुकानाचे ग्राहक, ईमेल पत्त्यांची कुठलीही यादी दोन-चार वर्षं पडून राहिली की तिच्यात मेलेले पत्ते साठतात. माणसं नोकरी बदलतात, कंपन्या बंद पडतात, फॉर्म भरताना 'जीमेल'मधलं एखादं अक्षर गळतं. अशा यादीवर एकदम पत्रं सोडली की त्यातली बरीच परत येतात आणि त्याची किंमत पाठवणाऱ्याला मोजावी लागते. ॲमेझॉनच्या एसईएस या ईमेल पाठवण्याच्या सेवेत परत येणाऱ्या पत्रांचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खात्याची तपासणी सुरू होते. ते १० टक्क्यांवर गेलं तर पाठवणंच थांबवलं जाऊ शकतं.

म्हणून आधीच यादी चाळून देणारी साधनं आली. आता हे काम एआय एजंटकडे सोपवता येतं. फाइल द्यायची, काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, बाकीचं तो बघतो. पण तो नेमकं काय करतो हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या निकालावर विसंबू नये.

पडताळणीच्या मुख्य पायऱ्या तीन. पहिली पत्त्याच्या घडणीची. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह ठेवलं. ती रचना आजही कायम आहे. मध्येच आलेली मोकळी जागा किंवा चुकून दोनदा पडलेलं चिन्ह इथेच सापडतं. दुसरी पायरी डोमेनची, म्हणजे @ च्या पुढच्या नावाची. त्या नावाचं टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो, हे डीएनएस या इंटरनेटच्या नामसूचीतल्या एमएक्स नोंदीवरून कळतं. टपाल घेणारं कोणीच सापडलं नाही, तर पत्ता बाद.

खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ज्याचे नियम लिहून काढले, तो एसएमटीपीचा, म्हणजे ईमेल पोहोचवण्याच्या पद्धतीचा, संवाद इथे कामाला येतो. तपासणारा सर्व्हरशी जोडला जातो, 'हेलो' म्हणतो, 'मेल फ्रॉम'पुढे स्वतःचा पत्ता सांगतो आणि 'आरसीपीटी टू'पुढे तपासायचा पत्ता ठेवतो. २५० हा आकडा आला, तर सर्व्हर टपाल घ्यायला तयार आहे. ५५० आला, तर बहुधा ती पेटीच नाही. लगेच 'क्विट' म्हणून संवाद संपतो, मजकूर जातच नाही. दार वाजवून 'अमुक इथेच राहतात ना?' एवढंच विचारून परत फिरणाऱ्या पोस्टमनसारखं हे काम आहे.

उत्तर मात्र दर वेळी भरवशाचं नसतं. एसएमटीपीत याच चौकशीसाठी 'व्हीआरएफवाय' ही आज्ञा होती. स्पॅमवाले तिच्या आधारे पत्ते गोळा करू लागले, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी तिला उत्तर देणं सोडलं. 'कॅच-ऑल' डोमेन कुठल्याही नावाला २५० देतात. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला ४५० देऊन 'नंतर या' म्हणतात. यालाच ग्रेलिस्टिंग म्हणतात. तपासणाऱ्याचाच संशय आला, तरी ५५० मिळू शकतो. शिवाय घाईनं हजारो पत्ते विचारत सुटलं, तर विचारणाऱ्याचा आयपी काळ्या यादीत जातो.

एजंट उपयोगी पडतो तो या गुंत्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुलं मानक जाहीर केलं आणि भाषा-मॉडेलला बाहेरची साधनं जोडण्याची सामाईक पद्धत मिळाली. चांगला एजंट विस्कळीत एक्सेल फाइलमधून पत्त्यांचा रकाना शोधतो, दुबार नोंदी काढतो, पडताळणीचं साधन गटागटानं चालवतो, ४५० आलेल्यांना थोड्या वेळानं पुन्हा विचारतो. ५५० सोबतची ओळ वाचून, पेटी नाही की आपल्यालाच अडवलंय, हेही तो वेगळं करतो.

पण सर्व्हरला न विचारता, नुसत्या दिसण्यावरून पत्ता 'बरोबर' ठरवण्याचा अधिकार त्याला देऊ नये. नीटस दिसणारा पत्ता मेलेला असू शकतो आणि विचित्र दिसणारा जिवंत. स्पेलिंग 'सुधारण्याची' मोकळीकही नको, कारण सुधारलेला पत्ता भलत्याच माणसाचा निघू शकतो. दुरुस्ती त्यानं सुचवावी, मान्य माणसानं करावी. निकालात 'चालू' आणि 'बंद' यांच्या जोडीला 'सांगता येत नाही' हा तिसरा गट हवाच. जे साधन हा गट लपवतं, ते घेऊ नये.

मराठी माणसानं आणखी एक गोष्ट तपासावी. देवनागरीतलं .भारत हे डोमेन २०१४ मध्ये सुरू झालं आणि देवनागरी ईमेल पत्त्यांसाठी लागणारी मानकं त्याआधी, २०१२ मध्येच आली. तरीही जुन्या नियमांवर बेतलेली साधनं असा पत्ता पहिल्याच पायरीवर चुकीचा ठरवतात. आपल्या लिपीतला पत्ता केवळ लिपीमुळे बाद होणं आपण मान्य करता कामा नये.

शेवटचा मुद्दा परवानगीचा. पत्ता चालू आहे याचा अर्थ त्या माणसाला तुमचं पत्र हवं आहे असा होत नाही. जीमेलनं २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे आणि आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीला महत्त्व देतो. तेव्हा यादी एजंटच्या हाती देण्याआधी ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला नाही, त्यांची नावं काढून टाका. विकत घेतलेली यादी कितीही पडताळली, तरी ती आपली होत नाही.